एकशे अठ्ठेचाळीस तोंडं

भांडगावातल्या निम्म्या लोकांना वाटायचं की भिमाजी कोकरे विमान चालवतो, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटायचं की तो ते फडक्यानं पुसतो. खरं काम या दोहोंच्या मधलं होतं, आणि मधलं काम लोकांना समजावून सांगणं फार जिकिरीचं असतं. त्याची बायको गिताबाई गिरणीत दळण टाकायला गेली की बायका हटकून विचारायच्या, "काय वं, मालक आज कुठवर उडालं?"

गिताबाई डबा खाली ठेवायची आणि सांगायची, "ते उडत न्हाईत. उडणारं खाली पडू नये म्हनून बघत्यात."

विमानदुरुस्तीच्या जाडजूड पुस्तकांतून यापेक्षा बरी व्याख्या सापडायची नाही.

सोलापूर रस्त्यापासून आत, माळावर, एक्क्याण्णव साली 'सुवर्णपंख' नावाची विमान चालवायला शिकवणारी खासगी शाळा निघाली. एक धावपट्टी, विमानं ठेवायला एक पत्र्याचं हँगर आणि दोन-दोन माणसांची चार चिमुकली विमानं. पहिले सहा महिने आसपासची गावं कामधंदा टाकून माना वर करून उभी असायची. मग सवय झाली. पुढं पुढं तर विमान डोक्यावरून गेलं तरी म्हैस रवंथ थांबवीना.

भिमाजी दौंडच्या आयटीआयचा फिटर. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर त्यानं उमेदवारी केलेली. शाळेचे प्रमुख म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले एक कॅप्टन. त्यांनी मुलाखतीत विचारलं, "विमानाचं काम कधी केलंय?"

"न्हाई साहेब," भिमाजी म्हणाला. "पर विंजनाला तरी कुठं ठावं असतं, आपुन कशात बसलोय ते?"

कॅप्टन हसले नाहीत. ते हसत नसतच. पण सोमवारपासून ये म्हणाले.

आता भिमाजीच्या घराण्याचं थोडं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही उलगडायचं नाही. कोकरे म्हणजे मेंढरं राखणारं घर. भिमाजीचे वडील खंडू यांनी कालव्याचं पाणी आल्यावर शेवटची मेंढरं विकली आणि शेती धरली. पण घरातली एक चाल काही गेली नाही. ती म्हणजे, मोजायचं नाही. भिमाजीची आई कस्तुराबाई म्हणायची, "मोजलं की घटतं." संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायची तेव्हा ती तोंडाशी उभी राहून नुसती बघायची. एक आकडा तोंडातून निघायचा नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायची, "कानतुटी आली न्हाई." आणि खरोखर कानतुटी कुठल्या तरी ओढ्यात पाला खात उभी सापडायची. एकदा जनगणनेचे गुरुजी घरी आले आणि त्यांनी विचारलं, "मुलं किती?" कस्तुराबाई म्हणाली, "हायती देवाच्या दयेनं." गुरुजी म्हणाले, "तरी पण किती?" ती म्हणाली, "सांगितलं न्हवं, हायती!" शेवटी गुरुजींनी पोरांना अंगणात ओळीनं उभं केलं. तेव्हा तिनं त्यातली दोन घरात कोंडली. कोकऱ्यांच्या घरची लोकसंख्या सरकारदरबारी अजूनही चुकलेलीच असणार.

भिमाजीनं हीच चाल आपल्या हत्यारांना लावली. मोठ्या लाल पेटीत त्याचे पाने, पक्कडी, स्क्रू-ड्रायव्हर, आरसे, टॉर्च असा सगळा कळप राहायचा. किती आहेत, हे त्याला बारा वर्षांत माहीत नव्हतं. पण प्रत्येकाचं तोंड पाठ होतं आणि बहुतेकांना नावंही होती. आखूड स्क्रू-ड्रायव्हर तो ठेंगू. कायम एकमेकींत अडकून बसणाऱ्या दोन पक्कडी त्या जावा-जावा. आणि वाकडी. वाकडी हा एक पाना होता. विमानाच्या शेपटीच्या पोकळीत एक नट असा आडोशाला होता की सरळ पाना तिथं पोचेना, म्हणून भिमाजीनं दौंडच्या लोहारशाळेत तो तापवून स्वतः वाकवला होता. संध्याकाळी तो पेटीचे कप्पे उघडायचा, एकदा नजर फिरवायचा, आणि म्हणायचा, "आली सगळी." मग वहीत 'हत्यारं पूर्ण' या रकान्यात सही. ती सही झाल्याशिवाय इंजिनिअर विमानाला उडायची परवानगी देत नसे.

या रकान्याला एवढा मान का, ते सांगतो. ट्रॅक्टरमध्ये पाना विसरला तर ट्रॅक्टर खडखडतो आणि शेजारी हसतात. विमानात पाना विसरला तर तो आत घरंगळत विमान वर-खाली करणाऱ्या दोराच्या चाकात जाऊन बसतो, आणि मग चालवणाऱ्यानं कितीही ओढलं तरी विमान नाक वर करत नाही. हसायला शेजारी असतात, पण ते खाली.

दोन हजार तीन साली शाळेत नवी इंजिनिअर आली. अनुपमा ढमढेरे, तळेगाव ढमढेऱ्याची, वय सत्तावीस. शेवटची सही आता तिची. तिच्या मागोमाग कॉम्प्युटरही आला.

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर गुणी होता. कोणतं विमान किती तास उडालं, कोणता भाग कधी बदलायचा, कोणत्या तपासणीला काय काय बघायचं, हे तो आपणहून काढून द्यायचा. पूर्वी यासाठी भिमाजी आणि त्याचा जोडीदार पोपट शितोळे अर्धा अर्धा दिवस आठ रजिस्टरं उलथीपालथी करत बसायचे. पोपट पाटसचा, जिभेनं तिखट आणि लिहिण्याचा कंटाळा असलेला. कॉम्प्युटर आल्यावर तो भिमाजीला म्हणाला, "आप्पा, हे यंत्र माझ्या लग्नाच्या आधी आलं असतं तर मी बायकूच्या जागी हेच केलं असतं." भिमाजी वरवर तोंड वाकडं करायचा, पण तपासणीची छापील यादी हातात आली की दोनदा वाचायचा आणि घडी करून नीट खिशात ठेवायचा. त्याचे हात आता कागदांऐवजी इंजिनात असायचे, आणि ते त्याला आवडत होतं.

भांडण लागलं ते हत्यारांवरून. एके दिवशी अनुपमानं सगळी हत्यारं टेबलावर मांडली आणि प्रत्येकाला काळ्या उभ्या रेघांची एक चिठ्ठी चिकटवली. लाल उजेडाचं एक पिस्तूल त्या चिठ्ठीवर धरलं की कॉम्प्युटरला कळायचं, हे हत्यार गेलं, हे आलं.

"आप्पा, तुमच्या मदतीलाच आणलंय हे," ती म्हणाली.

"व्हय की मॅडम. मदतीला म्हनून सून आन्ली, आन् तिनं आल्या आल्या घरातली भांडी मोजाय घेतली."

अनुपमा हसली आणि पडद्याकडं बघून म्हणाली, "एकशे अठ्ठेचाळीस आहेत, आप्पा."

भिमाजीचा चेहरा पडला. बारा वर्षं जो आकडा कुणी उच्चारला नव्हता तो भर दुपारी, सगळ्यांदेखत, मोठ्यांदा! पोपट त्याच्या कानाशी लागला, "आता घटतंय बघ."

घटलं काही नाही, पण डोकेदुखी वाढली. पेट्रोल आणि ऑइल यांच्यापुढं त्या चिठ्ठ्या आठ दिवस टिकेनात. कुठं पुसल्या, कुठं सुटल्या, आणि मुठीवर लावलेल्या चिठ्ठीनं हात घसरायचा तो वेगळाच. मग संध्याकाळी हत्यार डोळ्यांसमोर असायचं आणि कॉम्प्युटर म्हणायचा, आलं नाही. पोपट स्क्रू-ड्रायव्हर पडद्यासमोर नाचवायचा, "ह्यो बघ की! ह्यो काय! डोळं फुटलं का तुझं?" अनुपमाला सांगावं, तर ती तपासणीच्या कामात बुडालेली, आणि भिमाजीला वाटायचं, तक्रार केली तर म्हणतील म्हातारा यंत्राला घाबरला. म्हणून त्यानं सांगितलंच नाही.

त्या दिवाळीला भिमाजी आणि गिताबाई लेकीकडं कारेगावला गेली. लेक पूनम, जावई रविराज. रविराज तिथल्याच एका कारखान्यात होता. चकलीचा तुकडा मोडत भिमाजीनं त्याच्यापाशी आपलं दुःख मोकळं केलं.

"मामा, त्यात काय!" रविराज म्हणाला. "सगळीकडं ह्योच घोळ हाय. चिठ्ठ्यांचा जादा संच असतो. तो एका पुठ्ठ्यावर चिकटवायचा आन् पुठ्ठ्यावरनं पिस्तूल फिरवायचं. कॉम्प्युटर बी खूश, साहेब बी खूश."

भिमाजीला जावयाचं फार कौतुक वाटलं. परत आल्यावर त्यानं स्टोअरमधला जादा संच काढला. पुठ्ठा मिळाला तो जावयानं दिवाळीला दिलेल्या धोतरजोडीच्या खोक्याचा. पोपटानं तो कापला. एकशे अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या ओळीनं लागल्या आणि रोजचं अर्ध्या तासाचं भांडण दोन मिनिटांत मिटलं. पिस्तूल वरून खाली, टिक टिक टिक, आणि पडद्यावर हिरवं: सर्व जमा.

भिमाजीची यात काही लबाडी नव्हती. त्याचा हिशेब साधा होता. कॉम्प्युटरला पुठ्ठा, आपल्याला पेटी. पुठ्ठा झाला की तो पेटीचे कप्पे उघडून नजर फिरवायचाच. पहिला महिना रोज फिरवली. मग एखाद्या दिवशी घाई असायची. मग एखाद्या दिवशी घाई नसायची, पण हिरवं दिसलेलं असायचं. हिरव्या अक्षरांचा माणसावर काय परिणाम होतो हे सांगता येत नाही. आपणच पुठ्ठ्यावरून पिस्तूल फिरवलंय हे ठाऊक असूनही, पडद्यावर 'सर्व जमा' आलं की वाटतं, असणार जमा.

जानेवारीतला शनिवार होता. एका विमानाच्या शेपटीतल्या दोरांचं काम भिमाजीनं दिवसभर केलं. दुसऱ्या दिवशी कारेगावला नातीचं जावळ होतं. गिताबाई सकाळीच पुढं गेलेली, आणि चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे कारेगावला जाणारी एसटी साडेपाचला. त्यानं पुठ्ठा काढला. टिक टिक टिक. हिरवं. सही केली. अनुपमानं विमान फिरून बघितलं, पडदा बघितला आणि खाली आपली सही केली. भिमाजीला एसटी मिळाली.

जावळ झकास झालं. नातीनं न्हाव्याच्या मांडीवर जो सूर लावला तो रांजणगावच्या गणपतीपर्यंत गेला असेल. सोमवारी पहिल्या गाडीनं भिमाजी थेट कामावर आला तेव्हा साडेआठ झाले होते आणि हँगरसमोर गर्दी होती. न्हावऱ्याची धनश्री आज पहिल्यांदा एकटी विमान उडवणार होती. वीस वर्षांची पोर. आई-वडील बघायला आलेले. आईनं ताम्हण आणलं होतं. तिनं आधी लेकीला ओवाळलं, मग विमानाला, आणि कॅप्टन जवळच उभे होते म्हणून जाता जाता त्यांनाही. कॅप्टन ताठ उभे राहिले. कपाळावर कुंकू घेऊन ते धावपट्टीकडं गेले.

भिमाजीनं हात पुसायला फडकं काढावं म्हणून पेटी उघडली. बघायचं काही त्याच्या मनात नव्हतं. पण नजर सवयीनं फिरली, आणि तिसऱ्या कप्प्यापाशी अडकली. ठेंगू होता. जावा-जावा होत्या.

"पोपट," तो म्हणाला, "वाकडी कुठाय?"

"आसंल की तिथंच."

"न्हाई."

"कॉम्प्युटर सर्व जमा म्हनतोय की शनिवारी."

"कॉम्प्युटरला मी पुठ्ठा दावला, पोपट. वाकडी न्हाई दावली."

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं. शनिवारी वाकडी वापरली ती एकाच जागी, याच विमानाच्या शेपटीत. पोपटाचा रंग उतरला. पण त्याचं डोकं चालत होतं.

"आप्पा, ऐक. आता वरडलास तर पुठ्ठा भायेर येतोय. दोगांची नोकरी गेली म्हनून समज. अर्ध्या तासाचं काम हाय. पोरगी खाली उतरली की गुमान काढू."

"उतरली तर," भिमाजी म्हणाला.

 पोपट शिवी हासडून वायरलेसच्या खोलीकडं पळत सुटला. भिमाजी वायरलेसची वाट बघत थांबला नाही. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यात वात, पायांत जड बूट, पण तो सरळ माळ तुडवत निघाला. विमान हँगरपासून धावपट्टीच्या तोंडाकडं हळूहळू सरकत होतं. भिमाजी त्याच्या पुढं गेला, पंख्यापासून लांब, तिला दिसेल असा.

विमान थांबवायची एक ठरलेली खूण असते. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. बारा वर्षं भिमाजी ती खूण करत होता. नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण त्या घडीला त्याच्या हातांना ती आठवली नाही. त्यानं पाय फाकले, हात दोन्ही बाजूंना आडवे पसरले, आणि तोंडानं असा काही हाकारा दिला की तो खंडू कोकऱ्यानं ऐकला असता तर म्हणाला असता, पोरगं वाया गेलं न्हाई.

धनश्रीनं ब्रेक दाबले. इंजिन बंद केलं. पंखा थरथरत थांबला.

नंतर कॅप्टननी तिला विचारलं, "ती खूण पुस्तकात नाही. तू का थांबलीस?"

"सर, आमच्या न्हावऱ्याच्या रस्त्यावर मेंढरंवाला असा उभा राहिला की गाडी थांबवायचीच असते," ती म्हणाली. "विचारायचं नसतं."

शेपटीचं झाकण उघडलं. अनुपमानं टॉर्च मारला. दोराच्या चाकाला अगदी लागून, अंग टाकून वाकडी पडली होती. अनुपमानं ती बाहेर काढली. धनश्रीच्या आईनं विचारलं, "काय झालं वं?" भिमाजीच पुढं होऊन म्हणाला, "माझा पाना ऱ्हायला होता, ताई. आज न्हाई उडायचं."

मग तो हँगरमध्ये गेला, स्टोअरच्या कपाटामागून पुठ्ठा काढला आणि अनुपमाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा, मॅडम. धोतरजोडीचा."

तिनं तो उलटा केला. काळ्या रेघांच्या ओळीच ओळी. तिला कळायला फार वेळ लागला नाही. "कुणाची कल्पना ही?"

भिमाजीनं जावयाचं नाव घेतलं नाही. "माजीच."

दारात उभ्या पोपटाला राहवेना. "मॅडम, पुठ्ठा मी कापलाय. कात्री बी माझ्या घरची हाय."

दुसरी कुठली वेळ असती तर अनुपमा हसली असती. तिनं डोळे मिटले. "मला का नाही सांगितलंत, आप्पा? चिठ्ठ्या टिकत नाहीत, हात घसरतो, एवढं एक वाक्य?"

"वाटलं, तुमी म्हनाल यंत्राला भ्यालं."

तिनं पुठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, "मी पण कधी विचारलं नाही. आणि शनिवारी मी पडद्यावरचं हिरवं बघून सही केली. पेटी उघडली नाही." तिनं अहवालाचा कागद पुढं ओढला. "वर पाठवावा लागेल. कारण काय लिहू?"

भिमाजी म्हणाला, "लिवा. भिमाजी खंडू कोकरे यानं कॉम्प्युटरला फसवलं, आन् मग सोताच त्याच्यावर इस्वास ठेवला."

तिनं ते शुद्ध भाषेत लिहिलं, पण लिहिलं तेच. खाली आपल्याबद्दलही दोन ओळी लिहिल्या.

संध्याकाळी घरी त्यानं गिताबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"नोकरी जाईल?" तिनं विचारलं.

"जाईल बी."

"पोरगी खालीच हाय न्हवं?"

"हाय."

"मग हात धुवा. भाकरी निवतीया."

निर्णय बुधवारी आला. विमान स्वतः थांबवलं म्हणून नोकरी राहिली. पण 'हत्यारं पूर्ण'ची सही तीन महिने काढून घेतली. पोपटाला ताकीद मिळाली, अनुपमालाही मिळाली. भिमाजीनं कागद वाचला आणि घडी करून खिशात घातला. पगाराचं त्याला काही नव्हतं. पण उद्यापासून पेटीकडं बघून आपण 'आली सगळी' म्हणायचं आणि ते कुणी ऐकायचं नाही, हे त्याला सोसवेना.

आणि नेमकं तेव्हाच अनुपमा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "आप्पा, आता सांगा. हे कसं करायला पाहिजे होतं?"

त्याला वाटलं, चेष्टा आहे. पण ती वही उघडून बसली होती.

"चिठ्ठी नकोच," तो हळूहळू म्हणाला. "नंबर कोरायचा. लोखंडात. मुठीपास्नं लांब."

कोरायला माणूस आला दौंडहून. बाजारात भांड्यांवर नावं घालणारा. उभ्या आयुष्यात त्यानं ताटवाट्या आणि हंडे सोडून काही कोरलं नव्हतं. पहिला पाना हातात घेऊन त्यानं सवयीनं विचारलं, "कुनाकडनं भेट म्हनून घालू?" पोपट म्हणाला, "मामाकडनं घाल." तो खरोखरच घालायला लागला होता. अनुपमानं त्याला वेळेवर थांबवलं. तेवढ्यात 'मा' झालाच. ठेंगूवर तो अजून आहे.

मग भिमाजीनं जाड फोमवर एकेक हत्यार ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली आणि तेवढा आकार कापून काढला. हत्यार नसेल तर त्याचा खड्डा उघडा दिसणार. पण खरी गंमत पुढंच होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या यंत्राला नुसतं नंबर कळत्यात. तोंडं न्हाईत. मानसाला नंबर सांगून काय उपेग? एकशे बारा ऱ्हायलं म्हनलं तर मी कुनाला हुडकू?"

 दुसऱ्या दिवशी अनुपमानं कॅमेरा आणला. एकेका हत्याराचा फोटो काढला, अगदी लग्नाच्या मुलीचा काढतात तसा, पांढऱ्या कापडावर. पुण्याहून कॉम्प्युटरवाला येऊन दिवसभर बसला. आता हत्यार हातात धरून नंबर दाबला की पडद्यावरचा त्याचा फोटो मावळायचा. जे आलं नसेल त्याचं तोंड तेवढं पडद्यावर राहायचं. फुली मारून, नीट, ओळखू येईल असं.

भिमाजी पडद्याजवळ सरकला. "आता कसं," तो म्हणाला. "आता बोलण्यासारखं झालं ह्येच्याशी."

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, धनश्रीचं उड्डाण परत ठरलं. अनुपमानं स्वतः एकेक हत्यार हातात घेतलं आणि नंबर दाबला. फोटो एकामागून एक मावळले. शेवटी पडदा रिकामा झाला आणि हिरवं आलं. वही समोर होती. सही तिचीच. भिमाजी चार हात मागं, हात पाठीशी बांधून उभा. त्याला तिथं काही काम नव्हतं.

अनुपमानं पेनचं टोपण काढलं. मग ते तसंच ठेवून तिनं फोम बसवलेली पेटी भिमाजीकडं वळवली. एक कप्पा, दुसरा कप्पा, तिसरा.  धावपट्टीजवळ कॅप्टन घड्याळ बघत होते. पोपट अस्वस्थ होऊन खोकला. भिमाजीनं नजर फिरवली. एकदा फिरवली आणि, बारा वर्षांत पहिल्यांदा, परत एकदा फिरवली.

"आली सगळी," तो म्हणाला.

मग तिनं सही केली.

धनश्री वर गेली. तिची आई या खेपेला पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. लेकीनं चाकं उचलल्याबरोबर तिनं तो सोडला आणि हँगरसमोर वाटायला सुरुवात केली. पोपटानं दोन घेतले. कॅप्टननी एक घेतला. भिमाजीसमोर पुडा आला तेव्हा तो वर बघत होता. विमान चौफुल्याच्या अंगानं मोठा वळसा घेत होतं, दुपारच्या घारीएवढं.

"घ्या की, आप्पा."

"थांबा ताई. पोर खाली येऊ द्या."

बाई पुडा धरून त्याच्या शेजारी उभी राहिली. विमान वळलं, सरळ झालं, मोठं व्हायला लागलं. चाकं जमिनीला टेकली, विमान एकदा उसळलं, दुसऱ्यांदा थोडं कमी उसळलं, आणि मग धावत गेलं. पोपट म्हणाला, "करडू बी पैल्यांदा असंच उड्या मारतंय."

 इंजिन बंद झाल्याचा आवाज आला, पंखा थांबलेला दिसला, आणि भिमाजीनं हात पुसून पुढं केला.